भोपळ्यातलं तूप आणि बट्टीचं कासव : गोष्टींच्या थीमचं खान्देशी जेवण

ताई, तुमचा प्रश्न असा आहे. एप्रिलमधल्या एकाच रविवारी अमळनेरच्या घरी नणंदेचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण आहे आणि तुमच्या मुलाचा दुसरा वाढदिवसही. माणसं साठेक, त्यात दहा-बारा लहान मुलं. तुम्हाला गोष्टींच्या पुस्तकाची थीम हवी आहे. इंटरनेटवर पाहिलेले प्राण्यांच्या आकाराचे सँडविच आणि फॉन्डंटचा केक तुम्हाला आवडलेत. सासूबाईंचं म्हणणं, आलेल्या माणसाला पोटभर जेवण मिळालं पाहिजे.

मी जळगावात डोहाळजेवणं, बारशी आणि वाढदिवसांचा स्वयंपाक करून देते. माझं मत सरळ सांगते. सासूबाई म्हणतात ते जेवण आणि तुम्हाला हवी ती थीम एकाच ताटात बसतात, फक्त गोष्ट नीट निवडावी लागते. गोष्टीची थीम मागणाऱ्या घरी मी आधी हेच विचारते की तुमच्याकडे बाळाला झोपवताना कोणती गोष्ट सांगतात? केकवर छापलेलं परदेशी पुस्तकातलं अस्वल दोन वर्षांच्या मुलाच्या ओळखीचं नसतं. चिऊताई त्याला माहीत असते, तिचं घर माहीत असतं, आणि ती दार लवकर उघडत नाही हेही माहीत असतं. आपल्या आजीच्या गोष्टींमध्ये खाणंही आधीपासून आहे. म्हातारी लेकीकडे तूप-रोटी खायला निघते, माकडं झाडावर बसलेली असतात, चिमणी-कावळ्याची खिचडी शिजते. त्यामुळे पदार्थाला ओढूनताणून आकार द्यायची गरज पडत नाही. गोष्टीत जे घडतं ते ताटात घडवायचं. मुलं पदार्थाकडे बघत न बसता तो खातात, आणि माझ्या लेखी थीम जमली ती तेव्हाच.

तुमच्या कार्यक्रमासाठी तीन गोष्टी पुरेत. नणंदबाईंसाठी भोपळ्यातली म्हातारी, पंगतीसाठी ससा आणि कासव, वाढदिवसाच्या मुलासाठी चिऊ-काऊ. आल्या आल्या हातात द्यायच्या खाऊला टोपीवाला घेता येईल. यापुढे जाऊन शेवभाजीला आणि ठेच्याला गोष्टीतली नावं चिकटवू नका. मोठ्यांचं तिखट जेवण त्याच्याच नावाने वाढलेलं बरं.

डोहाळजेवणाला भोपळ्याइतकी चपखल गोष्ट मला दुसरी दिसत नाही. म्हातारी वाघाला आणि कोल्ह्याला सांगते, लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. इथे लेकच आईकडे आलेली आहे, तूप-रोटी खायची पाळी तिची. तीन-चार किलोचं, खाली सपाट बसणारं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आणा. डेखाकडून झाकण कापताना सुरी तिरकी धरा, म्हणजे झाकण आत पडणार नाही. आतला मऊ गर आणि बिया काढून टाका, भिंतीही थोड्या खरवडून घ्या, सगळं कोरड्या फडक्याने पुसा आणि आत स्टीलची वाटी ठेवून तिच्यात साजूक तूप भरा. तूप थेट गंगाफळात ओतू नका. कच्च्या गराचा ओलावा लागला की त्याला लगेच वास येतो. नणंदबाई झोपाळ्यावर बसल्या की आजीने किंवा आत्याने म्हातारीची गोष्ट सांगावी, 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सगळ्या बायकांनी मिळून म्हणावं, मग नणंदबाईंनी झाकण उघडावं आणि त्यातलंच तूप घरातल्या मोठ्या बाईने त्यांच्या पुरणपोळीवर वाढावं. गोष्ट तुमच्या आजेसासूबाई अहिराणीत सांगत असतील तर तशीच होऊ द्या. कुणाकडे म्हातारीला आधी वाघ भेटतो, कुणाकडे कोल्हा. घरात सांगतात त्याच क्रमाने सांगायची.

पोळी खापराचीच हवी, म्हणजे मातीच्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे. अमळनेरात मांडे करणाऱ्या बायका सहज मिळतील, त्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवा. बट्टीही असणार असल्याने दोन माणसांत एक खापराची पोळी धरली तरी पुरते. सोबत रशी म्हणजे तिखट पातळ आमटी, कुरडई, भजी आणि त्या सुमाराला चांगला आंबा आला असेल तर आमरस. सासूबाईंची तक्रार इथेच मिटेल.

गोड म्हणून गंगाफळाचे घारगे करा. पोकळ केलेल्या गंगाफळाचा खरवडलेला गर यातच वापरा, कमी पडेल तेवढं दुसरं फळ आणा. एक किलो गंगाफळ सोलून किसलं की साधारण पाऊण किलो कीस निघतो. त्यात ३५० ग्रॅम चिरलेला गूळ घालून कीस मऊ होईपर्यंत शिजवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना पीठ घातलं तर ते जास्त मावतं आणि घारगे वातड होतात. गार मिश्रणात दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ, वेलची, शंभर ग्रॅम तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक घाला. पाण्याचा थेंबही नको. कणीक सहाशे-सातशे ग्रॅम लागेल, फळात पाणी किती आहे त्यावर ते ठरतं. लहान वाटीच्या तोंडाएवढे घारगे केले तर एवढ्यात पन्नास-साठ होतात, म्हणजे तुम्हाला दोन किलो गंगाफळ लागेल. आदल्या दिवशी तळले तरी मऊ राहतात. फळ देशी असेल तर बिया धुऊन, सावलीत वाळवून कागदी पुड्यांत भरा आणि परत जाताना मुलांच्या हातात द्या. प्लास्टिकच्या खेळण्यापेक्षा ही भेट मला जास्त आवडते.

बायकांच्या ताटात शोभेची एखादी गोष्ट हवी असेल तर कुरडईचा खोपा करा. कुरडई तेलात टाकल्यावर फुलायच्या बेतात असते तेव्हा मऊ असते. त्या क्षणी झाऱ्यावर घेऊन वरून पळीने मधोमध दाबली की तिला वाटीचा आकार येतो. निथळून गार झाली की त्यात आंब्याच्या रसात वळलेल्या खोबऱ्याच्या दोन छोट्या गोळ्या अंड्यांसारख्या ठेवा. एप्रिलच्या कोरड्या हवेत खोपा बराच वेळ कुरकुरीत राहतो. गोळ्या मात्र वाढताना ठेवा, नाहीतर तळ मऊ पडतो. हा पदार्थ मोठ्यांचाच. कुरडईचे कडक तुकडे लहानग्यांच्या घशाला टोचतात.

पंगतीसाठी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टी मुळातच गोल आणि फुगीर असते, तिला कासव व्हायला फार काही लागत नाही. पुरणपोळीबरोबर असल्याने साठ माणसांना चार किलो रवाळ दळलेले गहू आणि एक किलो मक्याचं पीठ बस झालं. ओवा, जिरं, मीठ, हळद आणि मूठ वळेल इतकं तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा. मोठ्यांसाठी नेहमीसारख्या लांब वळकट्या वाफवा, गार झाल्यावर कापून तुपात तळा. मुलांसाठी याच पिठाचे लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे घ्या, जरा चपटे करा, सुरीने वर आडव्या-उभ्या चिरा पाडा, ओल्या बोटाने डोकं आणि चार पाय चिकटवा. ही कासवं उकळत्या पाण्यात सोडू नका, पाय सुटतात. चाळणीवर वीस-पंचवीस मिनिटं वाफवून घ्या, मग ओव्हनमध्ये १८० अंशांवर किंवा तव्यावर तूप सोडून सोनेरी करा. डोळ्यांना तीळ लावा. मिरी किंवा लवंग अजिबात नको. पिठात सोडा घालायची सवय असेल तर हळदीचा हात आखडता घ्या, कारण सोड्याने हळद लालसर पडते आणि कासवावर डाग दिसतात.

ताटात आधी वरणाचं तळं करायचं. मुलांचं वरण फोडणीच्या आधीच वेगळं काढा, त्यात मीठ कमी आणि तिखट नाही. सशासाठी मऊ दहीभाताची मूद आणि शिजवलेल्या गाजराचे लांबट चिरलेले दोन कान. मग आईने कासव तळ्यात सोडायचं, गोष्ट पुढे सरकत जाईल तसं ते चुरायचं आणि तूप घालून भरवायचं. आपण मोठी माणसंही बट्टी अशीच चुरून खातो. ज्या मुलाने एरवी वरणाकडे पाहिलंही नसतं ते कासव पोहायला सोडायच्या नादात निम्मी वाटी खातं, हे मी पुष्कळ घरी पाहिलं आहे.

आता वाढदिवसाचा मुख्य भाग. केक कापायच्या वेळी मी चिऊ-काऊची दोन घरं मांडते. कावळ्याचं शेणाचं घर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, असतं. पाव किलो नागलीचं पीठ शंभर ग्रॅम तुपात मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, कोमट झालं की त्यात १२० ग्रॅम बारीक किसलेला गूळ मिसळा. लहान वाटीला तुपाचा हात लावा, मिश्रण हलकं दाबून भरा आणि मुलाच्या वाडग्यात उलटं करा. एवढ्यात बारा छोटी घरं होतात. यात दूध घालू नका, आणि लाडवासारखं घट्टही दाबू नका. चिमणीचं मेणाचं घर म्हणजे रवा-नारळाची पांढरी वडी. तिचा पाक पक्का असू द्या, ती टिकली पाहिजे. प्रत्येक मुलासमोर दोन्ही घरं ठेवायची आणि आजीने गोष्ट सुरू करायची. मोठा पाऊस आला म्हटलं की आईने छोट्या किटलीतून उकळून कोमट केलेलं दूध दोन्ही घरांवर ओतायचं. नागली दूध पिते, कावळ्याचं घर बघता बघता ढासळतं, चिमणीचं तसंच उभं राहतं. मुलं 'चिऊताई, चिऊताई, दार उघड' म्हणतात, आजी बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, आणि शेवटी दार उघडेपर्यंत वाडग्यात चमच्याने खाण्याजोगी नागलीची खीर झालेली असते. घरी एकदा करून पाहा. दूध फार गरम असेल तर मुलांना धोका, फार गार असेल तर तूप गोठतं आणि घर पडतच नाही. हाताच्या पाठीवर थेंब सोडून पाहिलं की कोमट किती ते कळतं.

मेणबत्ती विझवायला केक हवाच असेल तर केळ्याचा करा. रावेर-यावलच्या केळ्यांच्या मुलखात राहून बाहेरचा क्रीमचा केक आणायचं मला पटत नाही. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. सालीवर ठिपके पडलेली तीन-चार केळी, दोनशे ग्रॅम कणीक, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम दही, अर्धी वाटी तेल आणि पाऊण चमचा खायचा सोडा, १८० अंशांवर चाळीसेक मिनिटं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात क्रीम वितळतं आणि फ्रीजमधून काढलेल्या फॉन्डंटला पाणी सुटून रंग ओघळतात. केळ्याच्या केकला यातलं काहीच होत नाही.

टोपीवाल्यासाठी छोट्या साच्यातल्या इडल्या करा, त्याच टोप्या. एका टोपलीत टोप्या, शेजारी केळ्यांच्या फण्या. कुणीतरी काकांनी टोपीवाला होऊन झोपल्याचं सोंग घ्यावं आणि मुलांनी टोप्या पळवाव्यात. पीठ बीट, गाजर आणि पालकाने रंगवा. पालक एक मिनिट उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात टाकला तर हिरवा राहतो. बीटाचा गुलाबी रंग आंबलेल्या पिठात टिकतो, सोडा किंवा इनो घातला की मळकट होतो, म्हणून पीठ नीट आंबवलेलंच हवं. बाजारातले सुटे पिवळे-केशरी रंग आणू नका. त्यांत मेटॅनिल यलोसारखे, अन्नात वापरायला बंदी असलेले रंग निघतात. केळी मुलांच्या हातात द्यायच्या वेळीच सोला.

तुमच्या मोठ्या भाच्यांसाठी, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी, तहानलेला कावळा घ्या. अरुंद ग्लासात अर्ध्यापर्यंत कोकम सरबत भरा आणि वाटीत डाळिंबाचे दाणे द्या. दाणे बुडतात आणि सरबत वर येतं. बुंदी देऊ नका, ती तरंगते.

ज्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही ती लहान मुलांच्या घशाची. अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे आणि कडक गोळ्या टेबलावर ठेवूच नका. एकाने मोठ्या भावाच्या ताटातून उचललं तरी घास अडकू शकतो. म्हणूनच कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट मी चिमुकल्यांच्या वाढदिवसाला घेत नाही. कुठल्याही पदार्थात टूथपिक खोचू नका, सजावटीला टाचण्या वापरू नका. दोन वर्षांच्या मुलाला इडली आणि केळं लांबट चिरून द्या, गोल चकती देऊ नका. मुलांनी बसून खावं, पळत खाऊ नये. पाहुण्यांत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवू देऊ नका, कुणी कितीही कौतुकाने बोट पुढे केलं तरी. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. त्या बाळाला गूळ-मीठ न घातलेली नागलीची पेज किंवा कुस्करलेलं केळं द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही दोन वर्षांखालच्या मुलांना जास्त साखर-मिठाचे पदार्थ देऊ नयेत असं म्हटलं आहे. तुमचा मुलगा आता दोन वर्षांचा होतोय, पण त्याच्याहून लहान भावंडं येणार असतील तर त्यांचं नागलीचं घर गुळाऐवजी थोड्या खजुराच्या गरात बांधा.

उन्हाचंही लक्षात ठेवा. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर दही, दूध, खोबरं घातलेला पदार्थ एका तासापेक्षा जास्त उघड्यावर ठेवायचा नाही. दहीभात एकदम सगळा कालवू नका, पंगतीपुरता कालवा आणि पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा. ओल्या नारळाची वडी फ्रीजमध्ये ठेवून शेवटच्या क्षणी बाहेर काढा. मी तर कार्यक्रम सकाळी साडेदहालाच सुरू करा म्हणेन, म्हणजे मुलांचं खाणं बाराच्या आत उरकेल.

नणंदबाईंचं ताट कौतुकाच्या भरात रचलं जातं आणि त्यांना खावं लागतं सगळ्यांदेखत. सातव्या महिन्यात पोट दाबलं गेल्याने थोड्या खाण्यानेही छातीत जळजळते. म्हणून अर्धी पोळी, एक बट्टी, वाटीभर वरण, थोडी कढी, एक घारगा एवढंच वाढा आणि बाकीचं झाकून वेगळं ठेवा, त्या संध्याकाळी खातील. मोड आलेली कच्ची कडधान्यं आणि न उकळलेलं दूध टाळा. झोपाळ्यावर बसायच्या आधी त्यांना थोडं खाऊ घाला, कारण ओटी आणि फोटोंमध्ये तास-दीड तास सहज जातो. शिवाय त्यांना काय खावंसं वाटतंय ते विचारून ठेवा आणि तो पदार्थ गोष्टीत बसो न बसो, ताटात असू द्या.

पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्यांबद्दल तुम्ही विचारलंय. मी त्या ठेवत नाही. त्याऐवजी एका वाटीत नागलीचं घर आणि एकीत नारळाचं घर झाकून ठेवा. नणंदबाई ज्याचं घर उघडतील, कावळ्याचं की चिमणीचं, त्याची गोष्ट बाळ झाल्यावर त्यांनी पहिली सांगायची.

कामाची वाटणी अशी करा. शुक्रवारी नागली भाजून डब्यात भरा, गूळ किसून ठेवा, कुरडया निवडून ठेवा. शनिवारी गंगाफळ कोरा, मग घारगे, केक आणि वड्या करा, इडलीचं पीठ आंबायला ठेवा, बट्टीच्या वळकट्या वाफवून फ्रीजमध्ये ठेवा. रविवारी पहाटे कासवं करा, वरण आणि भाजी लावा. नागलीची घरं पाहुणे आल्यावरच वाट्यांतून काढा, फार आधी काढली तर उन्हाने तूप सुटून ती आपोआप बसतात. गोष्ट सांगणाऱ्या आजींना मात्र स्वयंपाकघरात अडकवू नका.

कळवताना दोन गोष्टी नक्की लिहा. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी करतात, ती नणंदबाईंची झाली असेल, तिचा निकाल काय आला? आणि मुलांपैकी कुणाला दूध, गहू किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? त्याप्रमाणे घारग्यांतला गूळ कमी करून आणि चिऊ-काऊच्या घरांचं प्रमाण बदलून लिहून पाठवते.